सांध्यातील कूर्चेचे जतन : चेन्नईत उलगडलेली रचना आणि गुडघेदुखीचा प्रश्न

गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी विकल्या जाणाऱ्या चूर्णांच्या डब्यांवर अलीकडे 'कोलॅजेन' हा शब्द ठळकपणे छापलेला आढळतो. सांध्यातील झिजलेली कूर्चा, म्हणजे बोलीभाषेतील गुडघ्याची 'गादी', या चूर्णाने पुन्हा भरून येते, अशी अनेक रुग्णांची समजूत असते. ज्या प्रथिनाच्या नावावर हा व्यवहार चालतो, त्याची अंतर्गत रचना 1954 व 1955 या वर्षांत चेन्नई येथे उलगडण्यात आली होती. त्यानंतरच्या सात दशकांत या प्रथिनाविषयी जे ज्ञान जमा झाले, ते डब्यावरील दाव्याला पुष्टी देत नाही. प्रौढ माणसाच्या कूर्चेत नवे कोलॅजेन जवळजवळ तयार होत नाही, असे आता स्पष्ट झाले आहे. त्यामुळे अस्थिसंधिवाताच्या, अर्थात ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, रुग्णापुढील खरा प्रश्न उरलेली कूर्चा कशी टिकवावी, हा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2019 मध्ये जगभरात सुमारे 52 कोटी 80 लाख लोकांना हा विकार होता. त्यांपैकी सुमारे 60 टक्के स्त्रिया होत्या, तर सर्वाधिक बाधित होणारा सांधा गुडघ्याचा होता. महाराष्ट्रातही या दुखण्याचा पद्धतशीर शोध घेण्यात आला आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी 1996 मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली घरोघरी जाऊन पाहणी करण्यात आली. तीत तपासलेल्या 4092 प्रौढांपैकी 18.2 टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे असल्याचे आढळले. पुढे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, क्ष-किरण चित्रांवर आधारलेल्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताचे प्रमाण 28.7 टक्के नोंदविण्यात आले. चित्रात झीज दिसणाऱ्या प्रत्येकाचा गुडघा दुखतोच असे नाही, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

कातड्यापासून कूर्चेपर्यंत

प्रा. जी. एन. रामचंद्रन हे 1952 मध्ये मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले, त्या वेळी त्यांनी वयाची तिशीही ओलांडलेली नव्हती. त्याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी विद्यापीठाला भेट दिली. कोलॅजेनच्या रचनेचे कोडे अद्याप सुटलेले नाही, असे त्यांच्याशी झालेल्या चर्चेत निघाले आणि रामचंद्रन यांनी हा विषय हाती घेतला.

मद्रासमध्ये या संशोधनाला अनुकूल परिस्थितीही होती. 1948 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था विद्यापीठाच्या गिंडी येथील प्रयोगशाळांना लागूनच आहे. कातडे म्हणजे मुख्यतः कोलॅजेनच. कातडे कमावणे म्हणजे या प्रथिनाचे तंतू कुजू नयेत म्हणून त्यांच्यावर केलेली रासायनिक प्रक्रिया होय. रामचंद्रन व त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी आरंभी शार्क माशाच्या परांतील कोलॅजेन तपासले. त्यातून स्पष्ट चित्रे मिळेनात, तेव्हा ऑस्ट्रेलियातून आणविलेल्या कांगारूच्या शेपटीतील कंडरेवर प्रयोग करण्यात आले. या कंडरेतील तंतू अतिशय शिस्तीत रचलेले असल्याने क्ष-किरणांची चित्रे रेखीव आली.

ऑगस्ट 1954 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांचा बनलेला असल्याचे मांडण्यात आले. पुढील वर्षी या मांडणीत महत्त्वाची सुधारणा करण्यात आली. प्रत्येक साखळी स्वतःभोवती वळलेली असते आणि अशा तीन साखळ्या पुन्हा एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात, असे या सुधारित रचनेत दाखविण्यात आले. काथ्याचा दोर वळताना पेड एका दिशेने पिळतात आणि ते पेड एकत्र करताना उलट दिशेने. येथेही तसेच घडते. अशा दोराला ताण दिला असता तो उसवण्याऐवजी अधिक घट्ट होतो. तीन साखळ्यांना इतक्या जवळ बसता यावे म्हणून प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असावे लागते. केंब्रिजचे फ्रान्सिस क्रिक व अलेक्झांडर रिच यांनी या रचनेतील काही अणूंमधील अंतरांवर आक्षेप घेतले होते. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याचा रामचंद्रन यांनी त्यानंतर जो कसून शोध घेतला, त्यातूनच 1963 मध्ये प्रसिद्ध झालेला आणि आज जगभर शिकविला जाणारा 'रामचंद्रन आलेख' जन्मास आला. रामचंद्रन यांचे 2001 मध्ये चेन्नईतच निधन झाले.

कांगारूच्या कंडरेतील कोलॅजेन आणि मानवी गुडघ्यातील कूर्चेचे कोलॅजेन हे एकाच कुळातील, तरी भिन्न प्रकारचे आहे. कूर्चेतील प्रकार स्वतंत्र असल्याचे 1969 मध्ये कोंबडीच्या पिलांच्या कूर्चेवरील संशोधनातून समजले. त्याला दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन असे संबोधण्यात येते. तिपेडी गुंफण मात्र दोहोंत तीच आहे.

जाळे आणि पाणी

गुडघ्यात मांडीचे हाड व नडगीचे हाड जेथे एकमेकांना भिडतात, तेथे दोन्ही टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा, पांढरा, काचेसारखा गुळगुळीत थर असतो. वाटीच्या मागील बाजूस हा थर सर्वांत जाड असतो. हीच सांध्याची कूर्चा होय. तिच्या वजनाचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग केवळ पाणी असतो. हे पाणी धरून ठेवण्याचे काम ॲग्रिकन नावाचे महाकाय रेणू करतात. ते पाणी शोषून फुगू पाहतात आणि कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे त्यांना फुगू देत नाही. ठासून भरलेल्या पोत्याला जो ताठपणा येतो, तसाच ताठपणा या ओढाताणीतून कूर्चेला प्राप्त होतो. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. जिना उतरताना तो याहून वाढतो. आयुष्यभर, दिवसातून हजारो वेळा हा भार पेलणारी रचना इतकी पातळ आहे, हे खरोखरच आश्चर्यकारक आहे.

या रचनेची एक मोठी उणीव आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, तसेच मज्जातंतूही नाहीत. तिच्यातील जिवंत पेशींची संख्या अत्यल्प असून त्यांना पोषण मिळते ते सांध्यातील वंगणरूपी द्रवातून. भार पडला की कूर्चा किंचित दबते व द्रव बाहेर जातो. भार हटला की द्रव पुन्हा आत शिरतो. हालचाल हेच कूर्चेच्या पोषणाचे साधन आहे, हा मुद्दा पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

'गुडघ्यातील वंगण संपले' असे रुग्णांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. प्रत्यक्षात अस्थिसंधिवातात द्रव संपत नाही, उलट अनेकदा तो वाढतो. यालाच 'गुडघ्यात पाणी होणे' असे म्हटले जाते. बदलतो तो त्याचा दाटपणा. कूर्चेला मज्जातंतू नसल्याने झिजेच्या आरंभी वेदनाही होत नाही. वेदना येते ती कूर्चेखालील हाडातून, सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातून व भोवतालच्या स्नायूंतून. म्हणूनच दुखणे सुरू होईपर्यंत बराच काळ लोटलेला असतो.

झिजेच्या प्रक्रियेतही एक क्रम दिसून येतो. प्रथम ॲग्रिकन तुटू लागते आणि कूर्चा मऊ पडते. या अवस्थेत कोलॅजेनचे जाळे शाबूत असते व पेशी नवे ॲग्रिकन तयार करू शकतात. त्यानंतर विशिष्ट विकरे तिपेडी गुंफणीला एका ठराविक जागी छेद देतात, जाळे उसवते, आणि तेथून मागे फिरणे शक्य होत नाही. कूर्चेच्या जतनाचे सर्व प्रयत्न या दोन पायऱ्यांमधील काळ वाढविण्यासाठीच असतात, असे म्हणता येईल.

किशोरवयातच मिळालेली ठेव

कूर्चा एकदा नष्ट झाली की पूर्ववत होत नाही, असे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले होते. याचा निर्णायक पुरावा मिळण्यास मात्र 2016 साल उजाडावे लागले, आणि तो मिळाला अण्वस्त्र चाचण्यांमुळे. 1950 च्या दशकात व 1960 च्या दशकाच्या आरंभी वातावरणात झालेल्या चाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले. 1963 च्या आंशिक चाचणीबंदी करारानंतर ते क्रमाने घटत गेले. हा कार्बन अन्नातून प्रत्येकाच्या शरीरात गेला. परिणामी, शरीरातील एखादे प्रथिन कोणत्या वर्षी तयार झाले, हे त्यातील या कार्बनच्या प्रमाणावरून ठरविता येते. डेन्मार्कमधील संशोधकांनी या पद्धतीने मानवी गुडघ्यातील कूर्चा तपासली. तीतील कोलॅजेन त्या त्या व्यक्तीच्या वाढीच्या वयातील निघाले. त्यानंतर त्यात मोजण्याजोगी भर पडलेली नव्हती. अस्थिसंधिवात झालेल्या गुडघ्यांतही तोच प्रकार आढळला. सत्तरीतील व्यक्ती ज्या कोलॅजेनवर चालते, ते तिच्या शाळकरी वयात तयार झालेले असते, असा याचा अर्थ आहे.

कोलॅजेनच्या चूर्णाविषयी विचार करताना ही बाब महत्त्वाची ठरते. जनावरांची कातडी, हाडे अथवा माशांचे खवले यांपासून तयार केलेले हे चूर्ण पोटात गेल्यावर इतर कोणत्याही प्रथिनाप्रमाणे पचते. त्याची अमिनो आम्ले व लहान तुकडे होतात. प्रथिन म्हणून त्याचे मूल्य आहेच, पण डाळी व दूध यांनाही ते आहे. काही लहान चाचण्यांमध्ये वेदना थोडी कमी झाल्याचे नोंदविण्यात आले आहे. हे चूर्ण गुडघ्यात जाऊन उसवलेले जाळे विणते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

गोळ्या आणि सुया

ग्लुकोसामिन व कॉन्ड्रॉइटिन या गोळ्यांचा अनुभवही फारसा वेगळा नाही. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून तयार केले जाणारे ग्लुकोसामिन अनेक वर्षे 'कूर्चारक्षक' म्हणून दिले जात होते. अमेरिकेत शासकीय निधीतून 1583 रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2006 मध्ये जाहीर झाले, तेव्हा एकंदर रुग्णांमध्ये या गोळ्या व निष्क्रिय गोळी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या अस्थिसंधिवातासाठी ग्लुकोसामिन देऊ नये, अशी ठाम शिफारस केली आहे. रुग्णाच्या रक्तातील बिंबिका वेगळ्या काढून त्याच्याच सांध्यात टोचण्याच्या उपचारालाही त्याच सूचनांत विरोध करण्यात आला. या महागड्या उपचाराची ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर चाचणी झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर वेदना आणि कूर्चेचे आकारमान या दोन्ही बाबतींत साध्या क्षारजलाच्या इंजेक्शनपेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबाबत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. तीव्र सूज व वेदनेत त्याने काही आठवडे आराम पडतो, यात शंका नाही. परंतु दर तीन महिन्यांनी असे इंजेक्शन दोन वर्षे देण्यात आलेल्या रुग्णांची कूर्चा क्षारजल दिलेल्या रुग्णांपेक्षा अधिक पातळ झाली आणि वेदनेत मात्र फरक पडला नाही, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसून आले.

आयुर्वेदीय औषधांच्या बाबतीत डॉ. चोप्रा यांच्याच पुढाकाराने झालेली एक मोठी चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दोन आयुर्वेदीय मिश्रणे वेदना कमी करण्यात ग्लुकोसामिन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीची ठरली. त्याच वेळी काही रुग्णांच्या यकृताशी संबंधित रक्तघटकांत वाढही आढळली. वेदनाशमन आणि कूर्चेचे रक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही खूणगाठ येथेही बांधून ठेवावी लागते. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके तर रक्षणाचा दावाही करीत नाहीत. ती दीर्घकाळ पोटातून घेतल्यास जठर, मूत्रपिंडे व हृदय यांना धोका संभवतो. त्यामुळे वृद्धांना प्रथम हेच औषध मलमाच्या रूपात देण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो.

कूर्चा खरोखर वाढविणाऱ्या औषधाचा शोध थांबलेला नाही. स्प्रिफर्मिन या औषधाने गुडघ्यातील कूर्चेची जाडी किंचित वाढल्याचे 2019 मध्ये जाहीर झाले, पण रुग्णांची वेदना त्याने कमी झाली नाही. ॲग्रिकन तोडणारे विकर रोखणारे एक औषधही नऊशेहून अधिक रुग्णांवरील चाचणीत निष्प्रभ ठरले. झीज थांबविते असे सिद्ध झालेले कोणतेही औषध आजमितीस उपलब्ध नाही.

विश्रांतीचा गैरसमज

यंत्राचा भाग वापराने झिजतो, तसाच गुडघाही झिजतो, ही समजूत सर्वत्र आढळते. तीपोटी दुखणे सुरू झालेली माणसे चालणे सोडतात. कूर्चेच्या पोषणाची रीत पाहता हा उपाय नेमका उलटा आहे. मेरुरज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या व्यक्तींच्या गुडघ्यांवर भार पडेनासा होतो. त्यांची कूर्चा पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच पातळ होत असल्याचे चुंबकीय प्रतिमांवरून दिसले आहे. याउलट, गुडघ्यातील चकतीची शस्त्रक्रिया झालेल्या 45 रुग्णांवर स्वीडनमध्ये झालेल्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार महिन्यांच्या माफक व्यायामानंतर कूर्चेतील पाणी धरणाऱ्या रेणूंचे प्रमाण सुधारल्याचे आढळले. वर उल्लेख केलेली पहिली, मागे फिरता येण्याजोगी पायरी ती हीच.

धावण्याविषयी 2017 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघा व खुब्याच्या अस्थिसंधिवाताचे प्रमाण 3.5 टक्के, बैठी जीवनशैली असणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के, तर स्पर्धात्मक धावपटूंमध्ये 13.3 टक्के होते. ज्याचे गुडघे मुळातच सुदृढ, तोच धावण्याकडे वळतो, अशी शक्यता या आकड्यांत आहेच. तरीही अतिरेक आणि आळस या दोन टोकांच्या मध्ये कूर्चेचे हित आहे, असा कल त्यांतून दिसतो.

चेन्नईतील एक उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. शहराचे माजी महापौर आणि 2021 मध्ये तमिळनाडूचे आरोग्यमंत्री झालेले मा. सुब्रमणियन यांच्या गुडघ्याला 2004 मधील अपघातात गंभीर दुखापत झाली होती. त्यानंतर हळूहळू चालण्याचा व धावण्याचा सराव करून त्यांनी शंभरहून अधिक अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या. एका व्यक्तीच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही आणि दुखापत झालेल्या प्रत्येकाने धावावे, असा सल्ला कोणीही देणार नाही. तथापि, नोव्हेंबर 2023 मध्ये चेन्नईच्या बेझंट नगर भागापासून राज्यभर आठ किलोमीटरचे चालण्याचे मार्ग आखून देण्याची जी योजना तमिळनाडू शासनाने सुरू केली, तिच्यामागे हीच धारणा होती. तिचे तमिळ नाव 'चालू या, आरोग्य मिळवू या' अशा अर्थाचे आहे. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये सुरू करण्यात आलेल्या 'मक्कळै तेडी मरुत्तुवम' या घरपोच आरोग्यसेवेत रक्तदाब व मधुमेहाच्या औषधांबरोबर भौतिकोपचाराचाही समावेश करण्यात आला. घराबाहेर पडणे ज्यांना दुष्कर आहे, अशा वृद्धांच्या दृष्टीने ही तरतूद एखाद्या नव्या औषधाहून मोलाची मानावी लागेल.

व्यायामात सर्वाधिक महत्त्व मांडीच्या पुढील स्नायूंना आहे. पाऊल टेकताना बसणारा हिसका हे स्नायू झेलतात. ते दुर्बळ झाले की तो थेट सांध्यावर येतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरणे, गुडघ्याखाली गुंडाळलेला पंचा ठेवून तो खाली दाबणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे व बसणे, हे प्रकार घरी सहज करता येतात. सपाट जागी चालणे व पोहणे यांचाही लाभ होतो. व्यायाम करताना थोडे दुखणे म्हणजे इजा नव्हे. वेदना सोसण्याजोगी असेल व दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपदावर येत असेल, तर व्यायाम चालू ठेवावा. न आल्यास त्याचे प्रमाण कमी करावे, असा सर्वसाधारण नियम भौतिकोपचारतज्ज्ञ सांगतात. परिणाम दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात आणि बहुसंख्य रुग्ण त्याआधीच कंटाळतात, ही खरी अडचण आहे.

एक किलो घटले तर चार

वजनाविषयी उपलब्ध असलेला पुरावा सर्वांत भक्कम आहे. स्थूल व गुडघेदुखी असलेल्या वृद्धांच्या चालण्याचे मापन करून अमेरिकेतील संशोधकांनी 2005 मध्ये असे दाखविले की, एक किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. अमेरिकेतीलच फ्रेमिंगहॅम येथील 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन कमी केलेल्या स्त्रियांना गुडघ्याचा अस्थिसंधिवात होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक घटली. प्रश्न केवळ भाराचा नाही. ज्या बोटांवर शरीराचा भार कधीच पडत नाही, त्यांचे सांधेही स्थूल व्यक्तींमध्ये अधिक प्रमाणात झिजतात, कारण मेदपेशींतून दाह निर्माण करणारी द्रव्ये स्रवतात.

मधुमेह व स्थूलतेवर वापरल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडची 407 रुग्णांवर 68 आठवडे चाचणी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी 13.7 टक्क्यांनी, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांचे 3.2 टक्क्यांनी कमी झाले. पहिल्या गटातील वेदनाही दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी झाली. या औषधाने कूर्चा वाचते, असे त्या चाचणीत दाखविलेले नाही, आणि ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे आहे.

जुनी दुखापत हेही झिजेचे मोठे कारण असते. फुटबॉल, कबड्डी वा दुचाकीच्या अपघातात गुडघ्यातील अस्थिबंध तुटलेल्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींना दहा ते वीस वर्षांत अस्थिसंधिवाताची लक्षणे दिसू लागतात. तरुणपणी 'मुरगळले असेल' म्हणून सोडून दिलेला गुडघा पन्नाशीत हिशेब मागतो, याची जाणीव मैदानावर क्वचितच असते.

मांडी घालून अथवा उकिडवे बसण्याविषयी आपल्याकडे सतत विचारणा होते. गुडघा पूर्ण दुमडला असता वाटीच्या मागील कूर्चेवरचा दाब पुष्कळ वाढतो. निरोगी गुडघ्याला ही सवय घातक आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. झीज झालेल्या व्यक्तीने मात्र दीर्घकाळ उकिडवे बसणे टाळावे, शौचालयात कमोडचा वापर करावा, जेवणास व पूजेस उंच आसन घ्यावे, हे इष्ट. काठी घ्यावयाची असल्यास ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेकजण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा लाभ गमावतात.

प्रत्येक गुडघेदुखी म्हणजे झीज नव्हे. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, दोन्ही हातांची लहान सांधी सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो व त्यावर वेळीच औषध घेतल्यास सांधे वाचतात. चिकुनगुनियाच्या 2006 मधील साथीत तमिळनाडू व महाराष्ट्रातील असंख्य रुग्णांची सांधेदुखी ताप उतरल्यावरही कित्येक महिने राहिली होती. तीही झीज नव्हती. सांधा एकाएकी लाल, गरम होऊन ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शस्त्रक्रियेची वेळ

दुर्बिणीद्वारे सांधा धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास केली जात असे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे 180 रुग्णांपैकी काहींवर खरी, तर काहींवर केवळ त्वचेला छेद देऊन लुटुपुटूची शस्त्रक्रिया करण्यात आली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोहोंचा परिणाम सारखाच निघाला. झिजेसाठी ही शस्त्रक्रिया आता सुचविली जात नाही.

सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र उपयुक्त ठरली आहे. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर 2000 मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून तिचे नाव घरोघरी पोहोचले. ऑगस्ट 2017 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती त्या वेळी वस्तू व सेवा कर वगळून 54,720 रुपये ठरविण्यात आली होती. रुग्णालयाचे इतर शुल्क अर्थातच वेगळे.

रात्रीची झोप मोडणारी वेदना, घरातल्या घरात चालणेही अशक्य होणे आणि काही महिन्यांच्या नियमित व्यायामानेही न पडलेला फरक, यांवरून शस्त्रक्रियेची वेळ ठरते. केवळ क्ष-किरण चित्रात 'हाडाला हाड लागले' एवढ्यावरून ती ठरत नाही. मांडीचे स्नायू आधीपासून सशक्त असलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर लवकर चालू लागतात, त्यामुळे तिची तारीख ठरलेल्या रुग्णांनाही तोपर्यंत व्यायाम चालू ठेवण्यास सांगण्यात येते.